पाच ते साडेसहा

काल दुपारी झेरॉक्सच्या दुकानात मी वाकून गेले. वाकायचं काही कारण नव्हतं. दुकान चांगलं रुंद, दार उंच, आणि मी जेमतेम पाच फुटांची बाई. गल्ल्यावरच्या करिश्मानं मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता, तिचं कुणाशी तरी व्हिडिओवर बोलणं चाललेलं, आणि मला तिच्या पाठीमागून बाइंडिंगच्या टेबलाकडं जायचं होतं. मी पदर खोचला, गुडघे मोडले, मान खाली घातली आणि तिच्या स्टुलामागून बदकासारखी पलीकडं गेले. वर उठले तर ती फोन बाजूला ठेवून माझ्याकडंच बघत होती. "काकू, काय झालं? कंबर धरली का?" मी म्हटलं, "न्हाय गं, काहीतरी पडलं होतं." काय पडलं ते तिनं विचारलं नाही. मी कागदांचा गठ्ठा तिच्या हातात दिला, एकाहत्तर भाग, नीट बघून घे म्हटलं, आणि बाहेर येऊन उन्हात उभी राहिले. छप्पन्न वर्षांच्या बाईनं भर दुपारी बाजारात असं रांगत जावं, याची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त कंटाळा आला.

ही सवय त्या दीड वर्षातली. लोकांनी मास्क टाकून दिले, हात धुवायचे सोडले, नवी लग्नं केली, आणि माझी कंबर अजून तिथंच अडकलेली. आमचं घर म्हणजे ओळीनं तीन खोल्या. पुढं बैठक, मागं स्वयंपाकघर, मधल्या खोलीत सरांचं टेबल, खुर्ची आणि खुर्चीच्या मागं पुस्तकांचं कपाट. सर म्हणजे आमचे हे, रणधीर सर. अख्खं धाराशिव त्यांना सर म्हणतं, म्हणून लग्नानंतर चार-दोन वर्षांत मीही सरच म्हणायला लागले. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि चार महिन्यांत लॉकडाऊन लागला. बोलायची सवय छत्तीस वर्षांची आणि समोर वर्ग नाही. आठवडाभर ते मला शिकवायला लागले होते, मग उमरग्याचे बसवेश वकील आणि पुण्याचे अमरसिंह यांनी ती लाईव्हची कल्पना काढली आणि मी सुटले. रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा, तीन चौकटींत तिघांची तोंडं, आणि ऐकायला दोनशे-अडीचशे माणसं. पहिल्याच दिवशी मी मोरीकडं जाताना कॅमेऱ्यात दिसले. सर नंतर म्हणाले, "शिवकन्या, मागनं जात जाऊ नकोस, लोकांचं लक्ष उडतं." मोरीला दुसरी वाट नव्हती. मग मी खुर्ची आणि कपाट यांच्यामधून खाली वाकून जायला लागले. कधी हातात बादली, कधी घमेलं. एकदा तर मी खाली असताना वरती बाईच्या सन्मानावर चांगलं बोलणं चाललं होतं आणि मला हसू आलं, तोंडात पदर कोंबून मी ते दाबलं.

खोटं कशाला बोलू, बोलायचे चांगलं. पायी निघालेले मजूर, बंद देवळं, पुढं ढकललेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका, मोबाईल नसलेल्या लेकरांची शाळा, टाळ्या नि थाळ्या. गावच्या शाळेत कोंडून ठेवलेल्या माणसांतसुद्धा कुणाच्या हातचं कोण जेवत नाही, यावर एक अख्खा आठवडा गेला. निजामाच्या राज्यात साथ आली की सरकार काय करायचं, हे बसवेश वकील सांगायचे, आणि सर मधेच "तर मुद्दा असा" म्हणून ते आजच्या दिवसाला आणून जोडायचे. कुठल्या तरी गावच्या नर्सबाईनं लिहिलं होतं की ड्यूटीवरून आल्यावर तुमचं ऐकलं की माणसात आल्यासारखं वाटतं. मीही स्वयंपाकघरात कान लावून असायचे. माझीही मतं झाली. एकदा चहा देताना मी सरांना म्हटलं, थाळ्या वाजवायला सांगितल्या तेव्हा ज्यांच्या घरात थाळीत काही नव्हतं त्यांनी काय वाजवलं ते विचारा ना. त्यांनी ते संध्याकाळी विचारलं, आणि अमरसिंह म्हणाले, वा सर. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. आता आठवलं की वाटतं, बाई, तुला किती थोडक्यात बरं वाटायचं.

आमच्या गल्लीत सरांच्या सिमला रेंज नाही. माझ्या सिमला येते, तीही मधल्या खोलीच्या खिडकीत. म्हणून पाचला पाच कमी असताना माझा फोन सरांकडं जायचा. पिठाचा रिकामा स्टीलचा डबा पालथा घालायचा, त्याच्यावर फोन, म्हणजे तो खिडकीच्या उंचीला यायचा. त्या फोनच्या नेटवर लॅपटॉप चालायचा. मधे कुणाचा फोन आला आणि उचलला की नेट तुटायचं आणि तिन्ही तोंडं दगडासारखी थिजायची. म्हणून मी माझ्या माणसांना सांगून ठेवलं होतं, पाच ते साडेसहा मला फोन करायचा नाही. माझी माणसं म्हणजे तामलवाडीचं माहेर. आई कडूबाई आणि थोरला भाऊ कोंडीराम. आईला ते लाईव्ह-बिव्ह काही कळायचं नाही. तिला वाटायचं जावई टीव्हीत लागलेत. सकाळी फोन केला की पहिलं विचारणार, "बापू काय म्हणलं गं काल?" मी सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि एखादं असं बोलायची की ते दिवसभर माझ्या डोक्यात फिरायचं. गावानं मुंबई-पुण्याच्या पोरांना येऊ नये म्हणून रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, तेव्हा ती म्हणाली, "माझी माय पिलेगाचं सांगायची. तवा माणसं घरं सोडून माळावर जाऊन ऱ्हायली, सगळी मिळून. आता घरं धरून बसल्यात आन माणसं सोडल्यात." फोन स्पीकरवर होता. सर दाढी करता करता थांबले आणि म्हणाले, "हे लिहून ठेव." मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलं.

दुसऱ्या लाटेत, एप्रिलच्या शेवटी, आईला ताप भरला. खाट कुठंच नव्हती. तुळजापुरात नाही, सोलापुरात नाही. दादानं तिला रानातल्या शेडात नेलं, वहिनी-पोरांना गावात ठेवलं आणि स्वतः तिच्यापाशी राहिला. मला जायचं होतं. पण सरांना साखर, वर पासाची भानगड, उद्या बघू, परवा बघू. त्या दिवशी सकाळी ती बोलली. "बरी हाय गं, नुसता दम लागतुया." संध्याकाळी पाचला नळाला पाणी आलं. आठ दिवसांनी आलेलं पाणी. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, मोटर लावली आणि पिंप, घागरी, पातेली, होतं नव्हतं ते सगळं भरत बसले. साडेसहाला दार उघडलं तर सर डोळे मिटून खुर्चीत मागं टेकलेले. फोनच्या यादीत दादाचे तीन न उचललेले कॉल आणि एक मेसेज, पाच बावन्नचा. "आईला तुझ्याशी बोलायचंय. लगीच लाव." मी ओल्या हातानं लावला. दादा एवढंच बोलला, "गेली." मागं कुणी रडत नव्हतं. रडायला तिथं होतंच कोण.

सकाळी पास काढून गेलो तोवर सगळं उरकलं होतं. चार माणसांत केलं म्हणे. दादा शेडाच्या दारात उकिडवा बसला होता. मी म्हटलं, "दादा, फोन वाजलेला कळलाच नाही रे. पाणी आलं होतं, मोटर चालू होती." त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. "कळलाच न्हाय व्हय," म्हणाला आणि उठून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. चार वर्षं. सरांशी बोलतो, वाकून नमस्कार करतो, आमचे सर म्हणून गावात चारचौघांना सांगतो. मी समोर आले की त्याला रानात काम निघतं. पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली ती सरांच्या एकट्याच्या नावानं. मी गेले, मांडवात बसले, अक्षता टाकल्या, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून जेवलीस का विचारणारं कुणी नव्हतं. मला एवढंच कळत नव्हतं की एका न उचललेल्या फोनसाठी माणूस इतकं कसं धरतो. दादा तसा नाही. त्यानं मला खांद्यावर बसवून ओढा पार करून शाळेत नेलेलं आहे. हळूहळू मलाच वाटायला लागलं की चूक माझीच असणार. दोन घागरी कमी भरल्या असत्या तर काय बिघडलं असतं. अजून नळाला पाणी आलं की मी आधी फोन बघते.

यंदा सरांनी त्या सगळ्या बोलण्यांतून निवडून पुस्तक करायचं काढलं. बहात्तर भाग. नाव ठरलं, 'माळावरलं गाव'. नाव कुणाच्या बोलण्यातून आलं ते मला ठाऊक आणि त्यांना ठाऊक. लग्नाआधी माझी मराठी टायपिंगची तीसची परीक्षा झालेली, म्हणून ऐकून टाइप करायचं काम माझ्याकडं आलं. सूचना एका कागदावर लिहून दिल्या. "हं, अच्छा, ऐकू येतंय का" हे गाळायचं. खोकणं गाळायचं. बाहेरचे आवाज घ्यायचे नाहीत. खासगी उल्लेख टाळायचे, 'आमच्या सासूबाई' असेल तिथं 'एका वृद्ध शेतकरी स्त्रीनं' असं करायचं. मी तसं तसं करत गेले. नुसता आवाज लावायचे, चित्राकडं बघायचे नाही, बोटं चालवायचे. कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, माझा खोकला यायचा, मागून जाताना माझ्या बांगड्या वाजायच्या. सगळं गाळलं. एकसष्टावा भाग तेवढा मागं ठेवला. तारीख बघूनच मागं ठेवला. काल झेरॉक्सच्या दुकानातून घरी आले, चप्पल काढली, पाणीही प्यायले नाही, आणि तो लावला. सर वाचनालयात गेले होते. का कुणास ठाऊक, काल चित्रही लावलं. मी इतके दिवस जिच्याखालून गेले ती चौकट समोरून कशी दिसते, ते बघावंसं वाटलं असेल.

सर तेव्हा बारीक होते. चेहऱ्यावर थकवा होता, पण डोळे असे चमकलेले की मला क्षणभर त्यांचं कौतुकच वाटलं. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला ते म्हणाले, "आमच्या सासूबाई आहेत, कडूबाई, ऐंशीच्या घरातल्या. त्या काय म्हणाल्या सांगतो." बसवेश वकील सरसावून बसले. तेवढ्यात घूं घूं असा आवाज आला. डब्यावरचा फोन थरथरत होता, स्टील वाजत होतं. सरांचा डावा हात चौकटीच्या बाहेर गेला आणि आवाज थांबला. "माणसं घरं सोडून माळावर गेली," सर म्हणाले, आईचं बोलणं त्यांनी शुद्ध करून घेतलं होतं. पुन्हा घूं घूं. या वेळी त्यांनी तिकडं मान वळवून बघितलं. चष्म्यात फोनचा उजेड पडला. पुन्हा हात गेला. अमरसिंह म्हणाले, "सर, हे वाक्य म्हणजे अख्ख्या महामारीचं सार आहे." तिसऱ्यांदा वाजला, लगेच थांबला. आणि बावन्नाव्या मिनिटाला एकदाच, बारीक, टुंग. सर खाली बघतात. वाचताना त्यांचे ओठ हलतात, पेपर तपासून तपासून लागलेली सवय आहे. ओठ हलले. मी थांबवलं, मागं नेलं, पुन्हा बघितलं. पाचच शब्द होते त्या मेसेजात. ओठ तेवढेच हलतात. मग ते मान वर करतात. "तर मुद्दा असा," म्हणतात, आणि पुढं अडतीस मिनिटं बोलतात.

मी हात मांडीवर ठेवून बसले. रडू आलं नाही. राग आला, पण तोही लांबून चालत आल्यासारखा, दमलेला. आणि मग दादाचं कळलं. फोन वाजून वाजून बंद पडणं वेगळं आणि दोन रिंगांत कापणं वेगळं. करणाऱ्याला लगेच कळतं, दुसऱ्याच रिंगेला ती रेकॉर्डवरली बाई बोलायला लागते. दादाला तीनदा कळलं होतं की फोन कापला. तीनदा, आई शेजारी दम खात असताना. आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच्या तोंडावर सांगत होते की वाजलेला कळलाच नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही बोलले नसते. चार वर्षं तो खोटारड्या बहिणीकडं बघत होता.

सर पाचला आले. मी चहा केला नव्हता. लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला आणि तेवढा तुकडा लावला. ते उभ्यानंच बघत राहिले. संपल्यावर चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "आठवतंय?" मी विचारलं. "आठवतंय," म्हणाले. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. "मला वाटलं अर्ध्या तासानं काय होतंय. लाईव्ह चालू होतं, अडीचशे माणसं होती. आणि सकाळीच तर त्या बऱ्या होत्या."

"आणि नंतर?"

"नंतर कसं सांगणार होतो?"

"कोंडीरामदादा माझ्याशी बोलत नाही, हे तुम्हाला दिसत होतं ना?"

ते खुर्चीत बसले. अंगाचं ओझं खाली ठेवावं तसे बसले. मग म्हणाले, "त्या भागात कडूबाईंचं नाव राहू दे. ती वृद्ध शेतकरी स्त्री वगैरे काढून टाक. अर्पणपत्रिकाही त्यांच्याच नावानं करू." ते मनापासून बोलत होते, आणि तेच मला सहन झालं नाही. इतकं वाचलेला माणूस, आणि त्याला द्यायला पुस्तकातली एक ओळच सुचावी. मी म्हटलं, "मला दादाला फोन लावायचाय." ते म्हणाले, "आत्ता?" मग खालच्या आवाजात, "तो मला काय म्हणेल, शिवकन्या?" त्यांचा आवाज खरंच भ्यालेला होता. तीस-पस्तीस वर्षांत त्या गावानं त्यांना एक वावगा शब्द बोललेला नाही. मला दया आली. दया आली तरी मी लावला, आणि स्पीकर चालू केला.

फोन वहिनीनं उचलला. रानात गेलेत म्हणाली. मी म्हटलं, "वहिनी, दादा तिथंच बसलाय, मला ठाऊक आहे. त्याला म्हणा, त्या दिवशी फोन कुणी कापला ते सांगायचंय." बराच वेळ नुसत्या शेळ्या ओरडल्या. मग कुणीतरी फोन हातात घेतल्याचा आवाज आला.

"दादा, मी कापला नव्हता. माझ्याकडं नव्हताच फोन. सरांनी कापला. मला आज कळलं."

मी पुन्हा सांगितलं, पाण्याचं, नेटचं, डब्याचं, सगळं गोळा करून सांगितलं.

"म्हंजी माय खरं बोलत हुती," दादा म्हणाला. चार वर्षांनी आवाज म्हातारा झाला होता. "मी लई तापलो हुतो. म्हणलं, शिवकन्या कट करतीया, बग तुजी लेक. तर म्हणली, ती कशाला कापंल. पाच वाजून गेल्यात, बापूंचं चालू आसंल. होऊ दी त्यांचं, मग लाव. मला वाटलं लेकीवर पांघरून घालतीया."

"काय बोलायचं होतं रे तिला?"

"ते मला कशाला सांगंल? तुला सांगायचं हुतं."

सर खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले होते आणि तिथंच थांबले होते, पाठ माझ्याकडं करून. मी विचारलं, "मग?"

"मग काय, वाट बघत बसलो. दम लागलेला, बोलाय येत नव्हतं, तरी जरा जरा येळानं इचारायची, झालं का गं बापूंचं. मी हाय का तू हाईस तेबी तिला कळंना. मी म्हणायचो, न्हाय आजून. चारदा इचारलं. पाचव्यांदा न्हाय इचारलं."